मुक्या घुंगरांची मोजणी

आमच्या वाचक मंडळातल्या प्राजक्ताचा फोन आला तेव्हा मी कामाला बसले होते. एका हातात गॅसची फुंकणी, दुसऱ्यात चिमटा, समोर अर्धं जोडलेलं पैंजण. फोन सुनेनं कानाला लावून धरला. "काकी, शांताक्का गेल्या. सकाळी उठल्याच नाहीत," एवढंच ती पोरगी बोलली आणि रडायला लागली. मी फुंकणी बंद केली, चिमटा खाली ठेवला... आणि माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते खरं सांगते, कारण आज खरंच सांगायला बसले आहे. पस्तीस वर्षांपासूनची मैत्रीण गेली हे नंतर आलं. आधी आलं ते हे, की आता सांगणार कोण? त्या गोष्टीला पाच आठवडे झाले. पुढच्या रविवारी आमचा विज्ञानकथा वाचकांचा मेळावा आहे. त्याच्या आत मला ते सांगून मोकळं व्हायचं आहे. स्टेजवर माझी वाचा बसते. कागदावर बसत नाही, म्हणून इथं पेपरात लिहिते.

अक्का मला भेटली ती हुपरीच्या एस्टीत. मी घरचा माल घेऊन गुजरीत, सराफांकडं, निघाले होते. माझं शिक्षण सातवीपर्यंत, पण वाचायची खोड अशी की पैंजणं ज्या रद्दीत बांधायची ती रद्दी आधी वाचून काढायची. त्या दिवशी हातात कुठल्याशा जुन्या मासिकाची दोन पानं होती. एक बाई चंद्रावर एकटी राहिलेली, परतीच्या यानाचं दार काही केल्या उघडेना, आणि तिथंच पान संपलं. मी पान उलटसुलट करत होते तर शेजारची बाई म्हणाली, "पुढचं पान कुठाय?" ती माझ्या खांद्यावरून वाचत होती, आणि माझ्या आधी शेवटाला पोचली होती. मी म्हटलं, पुढच्या पानात कुणाची तरी पैंजणं गेली असतील. तर ती चिडली. बाईला चंद्रावर सोडून पैंजणं बांधायला तुम्हाला काही वाटत नाही का, असं मला, अनोळखी बाईला, भर एस्टीत विचारलं. मग स्टँड येईपर्यंत त्या बाईला खाली कसं आणायचं यावर आम्ही दोघी भांडलो. अक्काचं म्हणणं, दार बिघडलेलं नाही, आतून लावलेलं आहे, म्हणजे तिथं दुसरं कुणीतरी आहे. माझ्या अंगावर काटा आला. मासिकातला खरा शेवट आम्हाला कधीच सापडला नाही, आणि अक्काच्या शेवटापुढं मला तो हवाही वाटला नाही.

ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. ट्रंक कॉल लावायचे ते दिवस. डोक्यावर हेडफोन, समोर बोर्ड, हातात वायरी. लग्न केलं नाही, मंगळवार पेठेत दोन खोल्यांत राहायची, आणि दुपारपाळी-रातपाळीच्या मधल्या वेळात पुढच्या शतकातल्या गोष्टी वाचायची. कानाचा तिला भारी अभिमान. बोलणाऱ्यानं तोंड उघडायच्या आधी नुसत्या श्वासावरून कुठला व्यापारी आहे ते ओळखते म्हणायची, आणि ओळखायचीही. नोकरीतला एक नियम तिनं जन्मभर पाळला. चुकीचा नंबर जोडला गेला तर समोरच्यानं ओळखायच्या आत आपण सांगायचं. "आपण सांगितलं तर ती चूक ऱ्हाती," ती म्हणायची, "त्यानं सांगितली की ती लबाडी हुती." हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल... आणि प्रत्येक वेळी हसून सोडून दिलं.

निवृत्त झाल्यावर तिनं वाचक मंडळ काढलं, आणि मंडळाचा वर्षातून एकदा मेळावा. आताची मुलं त्याला कन्व्हेन्शन म्हणतात, पुठ्ठ्याचे यंत्रमानव होऊन येतात, एक तर गेल्या साली हिरवा रंग फासून आला आणि जेवणाच्या पंगतीत बायका त्याला वाढायला घाबरल्या. अक्काला हे सगळं आवडायचं, फक्त "मेळावा म्हणा" एवढा हट्ट. सकाळी चार निवडक गोष्टी त्या-त्या लेखकानं वाचायच्या, लोकांनी मत द्यायचं, मग जेवण, आणि दुपारी बक्षीस. बक्षीस म्हणजे चांदीचं एक मोठं घुंगरू, लिंबाएवढं, आमच्या घरी घडवलेलं. आणि मतही घुंगरानंच. ही रीत आम्ही दोघींनी बसवली. प्रत्येक ऐकणाऱ्याला दर गोष्टीला दोन बारकी घुंगरं द्यायची. बाहेरून सारखीच, पण एकात दाणा सोडलेला असतो, ते वाजतं, आणि दुसऱ्यात दाणाच नसतो, ते मुकं. कानाशी हलवून ओळखायची, आणि गोष्ट आवडली तर वाजतं डब्यात टाकायचं, नाही तर मुकं. उरलेलं दुसऱ्या डब्यात परत. टाकताना वाजून मत फुटू नये म्हणून दोन्ही डब्यांत अक्कानं कापूस भरलेला. मोजणी तिची एकटीची. जेवणाच्या वेळी मागच्या खोलीत दार लावून एकेक घुंगरू कानाशी न्यायची, वाजती मोजायची, आणि दर गोष्टीची घुंगरं, वाजती एका गाठीत नि मुकी दुसऱ्या, वेगळ्या फडक्यात बांधून पुढच्या मेळाव्यापर्यंत ती पुरचुंडी सोडायची नाही. कुणाला शंका आली तर दाखवता यावं म्हणून. इतक्या वर्षांत कुणाला शंका आली नाही. प्राजक्ता आमची सेक्रेटरी, कॉलेजात शिकवते. ती दरवर्षी मोबाइलवर मत घेऊया म्हणायची. अक्का म्हणायची, मोबाइल बिघडला तर मला कळणार नाही, माझा कान बिघडला तर मला कळेल की.

गेल्या वर्षी माणसं फार आली. मुलांनी फोनवरच्या ग्रुपवरून कुठून कुठून बोलावलेली. जुनी घुंगरं तीन गोष्टींना कशीबशी पुरली. चौथ्या गोष्टीसाठी मी पिशवीतून नवी काढली. हल्ली मशीनवर निघतात ती, बारीक, हलकी, आवाज सुईसारखा. जादा असावीत म्हणून मीच घेऊन गेले होते, आणि पुरली म्हणून मीच स्वतःवर खूश होते. तिसरी गोष्ट कुरुंदवाडच्या जयश्रीची. नदी चढायला लागली की अख्खं गाव पाय फुटल्यासारखं उठून माळावर जाऊन बसतं, आणि एक म्हातारी आपल्या घराला उठू देत नाही, अशी. चौथी इचलकरंजीच्या सलीमची. तो मागावर काम करतो. मंगळावरचा दिवस आपल्यापेक्षा जवळजवळ चाळीस मिनिटांनी मोठा असतो म्हणे. तिथल्या कारखान्यात ती वरची चाळीस मिनिटं मालकाची की कामगाराची, यावरून पेटलेला संप, अशी त्याची गोष्ट. बक्षीस जयश्रीला गेलं. जाताना मी अक्काला म्हटलं, सलीमची पण चांगली होती ग. तर म्हणाली, भुकेच्या वेळेला वाचली बिचाऱ्यानं, लोकांचं ध्यान आमटीकडं. निम्म्याहून जास्ती मुकीच निघाली त्याची.

यंदा मेळाव्याला दीड-दोन महिने असताना मी नवी घुंगरं घेऊन तिच्याकडं गेले. सगळी मशीनचीच, वाजती एका पिशवीत, मुकी एका पिशवीत. ती खिडकीशी बसून शेंगा सोलत होती. मी मागून हाक मारली तरी तिनं मान वळवली नाही. मला वाटलं विचारात असेल. समोर जाऊन बसले, ताटात वाजत्यांची पिशवी ओतली. तिनं एक उचललं, कानाशी हलवलं. दुसरं उचललं. तिसरं. मग माझ्याकडं बघून हसली.

"सुमे, म्हातारी झालीस. सगळी मुकीच आणलीस की."

मला आधी कळलंच नाही. मी त्यातलं एक घेतलं, हलवलं. स्वच्छ वाजत होतं. दुसरं घेतलं. तेही. मी म्हटलं, "वाजतंय की अक्का." ती म्हणाली, "काय म्हणालीस?" आणि त्या वेळी माझ्या लक्षात आलं की ती माझ्या डोळ्यांकडं बघत नव्हती. ओठांकडं बघत होती.

तिच्या हातातली शेंग तशीच राहिली. तिनं ते घुंगरू दुसऱ्या कानाशी नेलं, मग परत पहिल्या. बाहेर रिक्षा गेली, कुणीतरी कुणाला तरी मोठ्यानं हाक मारली, हे तिला ऐकू येत असावं, कारण जाड आवाज तिला येत होते. गेले होते ते फक्त बारीक. म्हणून तर तिला पत्ता लागला नव्हता, आणि आम्हालाही. मला वाटलं आता ती रडेल, नाहीतर माझ्यावर ओरडेल. ती उठली, कपाट उघडलं आणि गेल्या वर्षीच्या चारही पुरचुंड्या आणून माझ्यापुढं टाकल्या. "मोज," म्हणाली.

मी म्हटलं जाऊ दे अक्का, झालं गेलं. तेव्हा तिनं मला जे सुनावलं ते इथं लिहीत नाही. मी मोजायला बसले. आमच्या कामातल्या बायकांना घुंगरू कानाशी न्यावंच लागत नाही. दोन बोटांत धरून हलवलं की दाणा आतून बोटाला टिचकी मारतो, तेवढं पुरतं. तरी मी दोन्ही केलं, बोटानं एकदा आणि कानानं एकदा. पहिल्या तीन पुरचुंड्या तिच्या मोजणीशी बरोबर जुळल्या. जुनी घुंगरं होती ती, जाड आवाजाची. सलीमची पुरचुंडी मात्र जुळेना. तिनं मुकी म्हणून बाजूला काढलेल्यांतली निम्मी वाजत होती, म्हणजे गेल्या सालीच तिला काही ऐकू आली होती, काही नाही. सगळी धरून जयश्रीपेक्षा त्याची पाच जास्त भरली. मी परत मोजली. परत पाचच. ती माझ्या बोटांकडं टक लावून बघत होती, तोंडानं सांगायची गरजच नव्हती.

मी पुरचुंड्या परत बांधल्या, तिनं त्या माझ्याच पिशवीत घातल्या. मग मी म्हटलं, चूक तुझी एकटीची नाही, ही घुंगरं मी आणली, ऐन वेळी, तुला न विचारता. ती म्हणाली, घुंगरं वाजत होती, त्यांची चूक नाही आणि तुझी पण नाही. "राँग नंबर मी जोडला. स्टेजवर मीच सांगणार. तोवर तुझ्या तोंडातनं निघालं तर याद राख." मला शपथ घालायला लावली, ती पण शेंगांवर हात ठेवून, आणि त्याही परिस्थितीत आम्हाला दोघींना हसू आलं. दारापर्यंत सोडायला आली. मी म्हटलं, मशीन लावून घे कानाला, आता शंभर प्रकारची मिळतात. तर म्हणाली, मेळावा झाला की. त्या आठवड्याच्या शेवटी प्राजक्ताचा फोन आला.

आता मला सांगा, शपथ मोडायची की नाही? तेरावा होईपर्यंत मी हाच विचार केला. शपथ होती ती तिनं आधी सांगायचं म्हणून, आणि ती तर आता कधीच सांगणार नव्हती. मनात आलं, कुणाला ठाऊक आहे? चार पुरचुंड्या आणि एक म्हातारी. घुंगरं पिशवीत मिसळून टाकली की पुरावा संपला. जयश्रीनं कुणाचं काही चोरलं नव्हतं. सलीमला काही माहीत नव्हतं. अक्काचं नाव स्वच्छ राहिलं असतं. मी दोनदा त्या पुरचुंड्यांची गाठ सोडायला घेतली... दोनदा पुन्हा बांधली.

मग प्राजक्ता घरी आली. मंडळानं ठरवलं होतं, यंदापासून पुरस्काराला अक्काचं नाव द्यायचं, आणि मोठ्या घुंगरावर ते नाव मी कोरायचं. पत्रिका छापून आणली होती, वर अक्काचा जुना फोटो, हेडफोन लावलेला. तो फोटो बघितला आणि माझ्या घशातून ते बाहेर पडलं. सगळं. प्राजक्ता आधी पांढरी पडली, मग चिडली. म्हणाली, "काकी, गेलेल्या माणसाची चूक चव्हाट्यावर आणून तुम्हाला काय मिळणार?" मी म्हटलं, मला काही मिळायचं नाही. पण चुकलेल्या मोजणीवर तिचं नाव कोरायला माझा हात उठत नाही. ती म्हणाली, लोक म्हणतील दरवर्षीच चुकलं असेल. म्हणू देत, म्हटलं, बाकीच्या वर्षी जुनी घुंगरं होती, पण म्हणू देत. शेवटी मी माझं एकच हत्यार काढलं. "हे सांगणार नसाल तर घुंगरू मी घडवत न्हाय. बाजारातनं आणा." ती पत्रिका तशाच ठेवून निघून गेली. दोन दिवस फोन नाही. तिसऱ्या दिवशी फोन आला, आधी जयश्रीला भेटून या, तिला पेपरात वाचून कळायला नको. पोरगी शहाणी आहे.

कुरुंदवाडला जाताना मला वाटत होतं की एस्टी कुठंतरी बंद पडावी. जयश्रीचं घर मी आधी बघितलं होतं. घुंगरू मिळायच्या आधी ती स्वयंपाकघरात, डब्यांच्या फळीवर वही ठेवून उभ्यानं लिहायची. घुंगरू मिळालं आणि सासऱ्यांनी स्वतः सुताराला बोलावून टेबल करून दिलं, खिडकीशी. घुंगरू त्या टेबलावर काचेच्या पेटीत. मी पाणीसुद्धा न घेता सांगून टाकलं, कारण पाणी प्यायले असते तर धीर गेला असता. तिनं ऐकून घेतलं. मग एवढंच विचारलं, "काकी, माझी गोष्ट वाईट होती का?" मी म्हटलं, न्हाय ग. दुसरी होती. आणि तुला सांगते, तुझ्या गोष्टीला मी वाजतंच टाकलं होतं. ती म्हातारी घर उठू देत न्हाय तिथं मी रडले होते. ती पेटीकडं बघत राहिली. सासरे दारात उभे होते, ते मला दिसले नव्हते. ते म्हणाले, "घुंगरू घेऊन जावा पावणं. टेबल ऱ्हाऊ दे." ते हसत होते की रागावले होते हे मला अजून कळलेलं नाही. जयश्री मात्र म्हणाली, आत्ता नका नेऊ. रविवारी मी स्वतः आणून त्यांच्या हातात देते. एक आठवडा राहू दे इथं. मी हो म्हटलं. नाही कसं म्हणणार होते?

सलीमला गाठलं ते शेडच्या दारात, पाळी सुटायच्या वेळी. आत मागांचा असा खडखडाट की स्वतःचं मन ऐकू येईना. तो बाहेर आला, मला ओळखलं, चहाच्या टपरीवर घेऊन गेला. यंदा त्यानं गोष्ट पाठवली नव्हती, मला वाटलं निकालावर रुसला असेल. मी सगळं सांगितलं. पाच घुंगरांचं ऐकून त्यानं फक्त मान हलवली. मग जे बोलला ते मी मरेपर्यंत विसरणार नाही.

"अक्कांस्नी ऐकू येत न्हवतं, हे मला त्याच दिवशी कळलंतं काकी. त्या बोलणाऱ्याच्या वटाकडं बघत हुत्या. आमच्या शेडात समदी तसंच बघत्यात."

मी विचारलं, मग बोलला का नाहीस? म्हणाला, एवढ्या लोकांत एवढ्या मोठ्या बाईला कसं बोलायचं. आणि मोजणीचं त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं. त्याला दुसरंच लागलं होतं. वाचताना तो कागदावर मान घालून वाचत होता, म्हणजे अक्काला त्याचे ओठ दिसलेच नसणार. "माझी गोष्ट त्यांच्यापातूर गेलीच न्हाय, असं वाटलं. मग लिवायला जीव हुईना." मी म्हटलं, अरे, घुंगरू तुझं आहे, रविवारी ये. तो चहाचा ग्लास फिरवत राहिला, आणि म्हणाला, येतो, पण मला एकदा गोष्ट वाचू द्या. मान वर करून. प्राजक्तानं रविवारी सकाळची पहिली वेळ त्याला दिली आहे. तो मत घ्यायला वाचणार नाही, नुसता वाचणार आहे.

तर आता सगळ्यांना कळलं. ज्यांना अक्काला नाव ठेवायचं असेल त्यांनी ठेवावं, पण अर्धं मला ठेवावं. पुरस्काराला तिचं नाव राहणार आहे, ते मी काल कोरलं. यंदा मोजणी मी करणार, पण दार उघडं ठेवून, शेजारी प्राजक्ताला बसवून, दोघींनी वेगवेगळी मोजायची. डबे तिचेच आहेत. झाकण उघडलं की अजून तिच्या घरच्या कापराचा वास येतो. यंदासाठी कापूस बदलायला घेतला तर जुन्या कापसाच्या तळाशी एक घुंगरू अडकलेलं निघालं, गेल्या वर्षीच्या नव्यांतलं, बारीक आवाजाचं. कुणाचं मत होतं की उरलेलं परत आलेलं, कळायला मार्ग नाही, दोन्ही डबे सारखेच. ते मी मोजणीत धरलेलं नाही, टाकलेलंही नाही. खिडकीच्या फळीवर ठेवलं आहे. सकाळी चूल पेटवायच्या आधी मी ते एकदा उजव्या कानाशी नेते, एकदा डाव्या, बोटांना टिचकी कळू नये म्हणून दोऱ्याला टांगून. अजून वाजतंय. ज्या दिवशी वाजायचं नाही त्या दिवशी प्राजक्ताला मी फोन करणार आहे, तिनं ओळखायच्या आत.